जोत्याखालचे पाणी : पावसाळी पाझरांपासून घराचे रक्षण

रोहिणी आणि मृगाचा पाऊस जमीन पिऊन टाकते. आर्द्रा-पुनर्वसूच्या सरींनी तिची तहान भागते आणि पुष्य-आश्लेषेच्या सुमारास तीच जमीन प्यालेले पाणी परत देऊ लागते. कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या गावांत या दिवसांत ठिकठिकाणी झरे वाहू लागतात, बांधांच्या पोटातून पाझर सुटतात, विहिरी काठोकाठ भरतात. सृष्टीच्या दृष्टीने हा समृद्धीचा काळ होय. परंतु हेच पाझर घराच्या जोत्याखाली सुटले, माजघराच्या फरशीतून पाण्याचे उमाळे फुटू लागले आणि धान्याच्या कणगीखाली ओल धरली, म्हणजे या समृद्धीचे संकटात रूपांतर होते.

छपरातून गळणारे पाणी डोळ्यांना दिसते. त्यावर कौल बदलण्याचा किंवा पत्रा सारण्याचा उपायही तत्काळ सुचतो. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याचे तसे नाही. ते कोठून आले हे कळत नाही, कसे थांबवावे हे उमगत नाही आणि थांबविण्यासाठी केलेला खर्च बहुधा पुढच्याच पावसाळ्यात वाया गेल्याचे आढळते. भिंतींना लोणा लागतो, गिलावा सुटतो, लाकडाला वाळवी व बुरशी लागते, धान्य कुजते. सततच्या ओलीमुळे घरातील लहान मुले व वृद्ध यांना श्वसनाचे विकार जडतात. डोंगरउतारावरील गावांत तर या पाण्याची बदललेली चाल ही क्वचित त्याहूनही मोठ्या आपत्तीची पूर्वसूचना असू शकते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार केवळ घरदुरुस्तीचा म्हणून न करता गावाच्या सुरक्षिततेचा म्हणूनही करणे अगत्याचे आहे.

पाणी येते कोठून?

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट आहे. हा पाषाण एकसंध नाही. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झालेला असल्याने त्यात कठीण थर, सच्छिद्र थर आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट खडकाची पट्टी अशी रचना आढळते. पावसाचे पाणी माती, मुरूम आणि खडकातील उभ्या भेगा यांतून खाली झिरपते. कठीण थर किंवा तांबडी पट्टी लागली की त्याची खाली जाण्याची वाट बंद होते. मग ते आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडला असेल तेथे झरा होऊन बाहेर येते. एकाच डोंगरावर एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात, त्याचे कारण हेच.

दक्षिण कोकणात जांभा दगडाची पठारे आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी भराभर शोषून घेतो. त्याच्या खाली मात्र चिकणमातीसारखा मऊ थर असतो व तो पाणी सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. परिणामी सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या तळाशी साचून सड्याच्या कडेला, म्हणजे नेमक्या वाडी वसलेल्या जागी, पाझर होऊन प्रकटतो. वाड्या तेथे वसल्या त्याही पिण्याचे पाणी तेथे सापडले म्हणूनच. पाण्याच्या सोयीसाठी निवडलेली जागा पावसाळ्यात पाण्याचीच अडचण करते, हा या प्रश्नातील मूळ पेच आहे.

सपाट प्रदेशातील कारण थोडे निराळे असते. तेथे झरा नसतो, परंतु भूजलाची पातळीच वर येते. नदी, ओढा, तलाव किंवा कालवा यांच्या लगतच्या भागात ही पातळी पावसाळ्यात जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. ज्या घराचे तळघर किंवा भूमिगत टाकी तिच्या खाली असेल, तेथे पाणी शिरू पाहणारच.

जुनी घरे आणि नवी घरे

पूर्वीच्या घरांत पाणी येत नसे असे नाही. मात्र आलेले पाणी निघून जाण्याची सोय त्या रचनेतच असे. जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे किंवा घडीव दगडाचे आणि चांगले उंच असे. आतील भराव दगडगोट्यांचा असे व जमीन शेणाने सारवलेली असे. जोत्याखाली आलेले पाणी दगडांच्या सांध्यांतून बाहेर पाझरे आणि अंगणाच्या कडेच्या चरातून वाहून जाई. घराच्या मागील बाजूस, डोंगराच्या अंगाला, दरवर्षी मृगापूर्वी चर उपसण्याचा प्रघात होता. गडगेही चुन्याशिवाय रचलेले असल्याने त्यांच्यामागे पाणी तुंबत नसे.

आता परिस्थिती पालटली आहे. सिमेंटचे जोते, काँक्रीटची जमीन आणि त्यावर गुळगुळीत फरशी ही आज घरोघरची पद्धत झाली आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. परंतु सिमेंटने पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद केली आणि पाण्याला दुसरी वाट दिली नाही, असे बहुतेक ठिकाणी घडले आहे. त्यातच घरासाठी डोंगर उभा कापून सपाट जागा केली जाते. अशा कापणीमुळे पूर्वी जमिनीखालून जाणारी पाण्याची वाट उघडी पडते आणि पाणी थेट घराच्या मागील भिंतीवर येऊन थडकते.

आणखी एका कारणाकडे ग्रामपंचायतींनी विशेष लक्ष दिले पाहिजे. गावातील रस्त्यावर दर काही वर्षांनी जुन्या थरावरच नवा थर घातला जातो. रस्ता वीतभर उंचावतो, घर मात्र होते तेथेच राहते. अशा दोन-तीन खेपांनंतर एकेकाळी दोन पायऱ्या चढून जावे लागे ते घर रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराचे जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असणे आवश्यक आहे. घरमालकाने पाळलेला हा नियम रस्त्याच्या कामामुळे मोडला जाऊ नये, यासाठी नवा थर घालण्यापूर्वी जुना थर खरवडून काढण्याची अट कामाच्या अंदाजपत्रकातच असावी.

उपायाआधी निदान

घरातील ओल एकाच प्रकारची नसते. पाणी छपराचे, अंगणाचे, नळाचे की जमिनीखालचे, हे ठरविल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे रोग न ओळखता दिलेले औषध होय. हे निदान करण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात.

पाऊस सुरू होताच ओल दिसते आणि पाऊस थांबताच कमी होते, तेव्हा ते पाणी सामान्यतः छपराचे, भिंतीचे किंवा अंगणातून शिरणारे असते. याउलट पावसाळा सुरू झाल्यावर काही आठवडे काहीच दिसत नाही, मग जमीन ओली होऊ लागते आणि उघडीप पडल्यावरही चार-आठ दिवस ती तशीच राहते, तेव्हा ते पाणी भूगर्भातील आहे असे समजावे. उन्हाळ्यातही ओल कायम असेल, तर नळाची गळती, मोरीचे पाणी किंवा शौचालयाचा शोषखड्डा यांची तपासणी करावी.

दमट हवेमुळे थंड फरशीवर पाण्याचे बारीक थेंब जमतात. त्यालाही पुष्कळ वेळा पाझर समजले जाते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी कागदाच्या वरच्या अंगाला पाणी दिसले तर ते हवेतील आहे. खालच्या अंगाला दिसले तर ते जमिनीतून येत आहे.

पहिला उपाय : पाणी घरापर्यंत येऊच न देणे

जमिनीखालच्या पाण्यावरील उपायांची सुरुवात जमिनीच्या वर होते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. घराभोवती मुरणाऱ्या पाण्यात छपरावरून पडणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा असतो. ६० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ६,००० लिटर पाणी जमा होते. २०० लिटरची तीस पिंपे भरतील एवढे हे पाणी पागोळ्यांवाटे जोत्याच्या पायथ्याशी पडते आणि तेथेच मुरते. घाटमाथ्यावर आणि कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे ही असामान्य घटना नाही. महाबळेश्वर येथे तर जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. म्हणून छपराला पन्हळी लावून ते पाणी नळाने घरापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस सोडावे किंवा टाकीत साठवावे.

अंगणाला घरापासून बाहेरच्या दिशेने उतार असावा. जोत्यालगतच्या पहिल्या दोन-तीन मीटरांत दर मीटरला सुमारे पाच सेंटिमीटर इतका उतार पुरेसा होतो. जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु असे वाफे म्हणजे पायापाशी पाणी जिरविण्याची व्यवस्थाच होय.

दुसरा उपाय : आडवा चर

डोंगराच्या बाजूने येणारे पाणी घराच्या वरच्या अंगालाच अडवून बाजूला काढणे हा या सर्व उपायांचा कणा आहे. त्यासाठी घराच्या मागे, उताराला आडवा असा चर खणावा लागतो. चराची खोली घराच्या जमिनीच्या पातळीपेक्षा थोडी अधिक ठेवावी, म्हणजे वाहत येणारे पाणी जोत्याखाली जाण्यापूर्वी चरात उतरते. तळाला एका बाजूस सलग उतार द्यावा. १०० मीटरला एक मीटर एवढा उतारही चालतो, परंतु तो मध्ये कोठेही उलटा होता कामा नये.

उघडा चर स्वस्त पडतो, पण तो गाळाने भरतो आणि दरवर्षी उपसावा लागतो. कायमची सोय करावयाची असल्यास चराच्या तळाशी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा नळ ठेवून त्याच्याभोवती व वर धुतलेली खडी भरतात. खडीत माती शिरून चर निकामी होऊ नये म्हणून आतून गाळणीचे कापड लावतात. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानांत ते आता मिळते. नळाचे तोंड उताराच्या खालच्या बाजूस उघड्यावर काढावे आणि उंदीर-घुशी आत शिरू नयेत म्हणून त्यास जाळी बसवावी.

हे काम करताना एक दक्षता अत्यावश्यक आहे. भिंतीच्या अगदी जवळ, पायाच्या तळापेक्षा खोल चर खणल्यास पायाखालची माती सरकून भिंत खचण्याचा धोका असतो. चर पायाच्या तळापेक्षा जेवढा खोल न्यावयाचा, किमान तेवढ्या अंतरावर तरी तो भिंतीपासून असावा. जागा अपुरी असल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना खोदाई करू नये. चर पावसाळ्यापूर्वीच पूर्ण करावा. भर पावसात उतार खणणे जीवावर बेतू शकते.

असा चर केवळ संकटनिवारणाचे साधन नव्हे. त्यातून बाहेर पडणारे पाणी टाकीत घेतल्यास परसबागेला आणि गुरांना उपयोगी पडते. झरा जिवंत असेल तर त्याचे तोंड सिमेंटने बुजविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बुजविलेला झरा नाहीसा होत नाही. तो शेजारच्या भेगेतून, बहुधा घराच्या अधिक गैरसोयीच्या जागी, पुन्हा फुटतो.

तिसरा उपाय : जमिनीखालचा मोकळा थर

चर काढूनही जोत्याखाली काही पाणी येत असेल, तर त्याचा दाब फरशीवर पडणार नाही अशी योजना करावी लागते. पाण्याच्या या शक्तीचा अंदाज थोड्या हिशेबाने येतो. एक मीटर उंचीचे पाणी दर चौरस मीटरला एक टन, म्हणजे १,००० किलो, एवढा दाब देते. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन मात्र दर चौरस मीटरला सुमारे २४० किलोच भरते. याचा अर्थ असा की, साधी काँक्रीटची जमीन केवळ स्वतःच्या वजनावर, तिच्या तळापासून सुमारे २४ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या पाण्याचाच दाब तोलू शकते. घरामागील उतारात पाणी त्याहून वर चढले की जमिनीला तडे जातात, फरश्या उचलल्या जातात आणि सांध्यांतून पाणी वर येते. अशा वेळी फरशीवर आणखी सिमेंट ओतणे म्हणजे उकळत्या भांड्यावरील झाकण दाबून धरण्यासारखे आहे.

नवे घर बांधताना जोत्याच्या भरावावर १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा, मातीविरहित दगडगोट्यांचा किंवा जाड खडीचा थर द्यावा. त्यातील पाणी बाहेर पडण्यासाठी जोत्यातून उताराच्या खालच्या बाजूस नळ काढावेत. खडीवर जाड प्लॅस्टिकचा सलग कागद अंथरून मग काँक्रीट टाकावे. पाणी खडीतून बाहेर वाहते आणि कागदामुळे ओल वर चढत नाही. भिंतींमधून वर चढणारी ओल रोखण्यासाठी जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालणेही तितकेच आवश्यक आहे. घरकुलांच्या बांधकामात हा थर वगळून थोडीशी बचत करण्याकडे कल दिसतो, परंतु भिंत उभी राहिल्यावर तो थर घालणे अतिशय कठीण व खर्चाचे होते.

तळघरे आणि पेवे

मराठी मुलखाला जमिनीखालची साठवण नवी नाही. जुन्या वाड्यांतून तळघरे असत, तर पठारावरील गावांत धान्यासाठी पेवे खणली जात. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील जमिनीत खणलेल्या खोल पेवांत हळद दीर्घकाळ सुरक्षित राहत असे. परंतु २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. अनुकूल जमीन हे जमिनीखालच्या साठवणीचे पहिले संरक्षण असले, तरी पाण्याच्या पातळीपुढे त्या संरक्षणाला मर्यादा आहेत, हा त्या घटनेचा धडा होय.

आज शहरांत आणि मोठ्या गावांत इमारतींखाली वाहनांसाठी वा सामानासाठी तळघरे बांधली जातात. तळघराच्या भिंती व जमीन जलरोधक असावी आणि पृष्ठभागावरील पाणी आत शिरणार नाही अशी व्यवस्था असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. भिंतीबाहेर २ मीटर उंच पाणी उभे राहिल्यास तिच्या दर मीटर लांबीवर सुमारे २ टनांचा रेटा येतो. साधी विटांची भिंत तो सहन करीलच असे नाही. म्हणून तळघराची भिंत सलोह काँक्रीटची व अभियंत्याने आखलेली असावी.

जलरोधक लेप शक्यतो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला द्यावा. बाहेरील लेपाला पाण्याचा दाब भिंतीवर अधिकच घट्ट बसवितो, तर आतील लेपाला तोच दाब भिंतीपासून सुटा करतो. केवळ आतून रंग वा लेप देऊन तळघर कोरडे करण्याचे प्रयत्न फसतात ते यामुळे. जुन्या तळघरात बाहेरून खोदणे शक्य नसेल, तर आतल्या कडेने उथळ नाली काढून पाणी एका कोपऱ्यातील खड्ड्यात जमा करावे आणि पाणी चढताच आपोआप सुरू होणाऱ्या पंपाने ते बाहेर टाकावे. मुसळधार पावसात वीज जाण्याचा संभव लक्षात घेता पंपासाठी विजेची पर्यायी सोय हवी. ती नसल्यास तळघरात पाण्याने नासणारी वस्तू न ठेवणेच शहाणपणाचे.

भूमिगत टाक्यांबाबतही एक इशारा आवश्यक आहे. भूजल वर आलेले असताना सफाईसाठी टाकी पूर्ण रिकामी केल्यास ती होडीप्रमाणे वर उचलली जाऊ शकते. पाण्याच्या किंवा मैल्याच्या टाक्यांची सफाई म्हणूनच पावसाळ्यापूर्वी उरकावी.

पाणी शिरल्यानंतर

सर्व काळजी घेऊनही पाणी शिरलेच, तर पुढील क्रम पाळावा. प्रथम वीजपुरवठा बंद करावा. मुख्य बटण पाण्यापलीकडे असेल तर पाण्यात उतरू नये, वीज कर्मचाऱ्यास बोलवावे. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असल्यास विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू टळू शकतात. तो प्रत्येक घरी असावा. डिझेल वा पेट्रोलवर चालणारा पंप तळघराच्या आत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंग-वासावाचून माणसाचा जीव घेतो.

पाणी उपसण्याची घाई करणेही धोक्याचे असते. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतील पाणी एकदम काढून टाकले, तर बाहेरच्या रेट्याने भिंत आत कोसळण्याचा संभव असतो. पूर्ण भरलेले तळघर एका दिवसात साधारणतः एक-तृतीयांश याप्रमाणे टप्प्याटप्प्याने रिकामे करावे. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात शोषखड्ड्यातील पाणी मिसळलेले असू शकते. म्हणून असे पाणी दिसावयास निर्मळ असले, तरी शुद्ध केल्याविना पिऊ नये, आणि ते ओसरल्यावर जमीन ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुवावी.

पाझर जेव्हा इशारा देतो

आतापर्यंतचा विचार हा घराच्या हानीचा झाला. उतारावरील वस्त्यांत मात्र प्रश्न जीविताचा असतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. या सर्व घटना जुलै महिन्यात, अतिवृष्टीने डोंगर पाण्याने भरून गेलेला असताना घडल्या, ही बाब लक्षणीय आहे.

मातीत मुरलेले पाणी तिचे वजन वाढविते आणि कणाकणांमधील पकड सैल करते. पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, की त्याचा दाब आतून मातीचा थर उचलू लागतो आणि एका क्षणी तो खडकावरून सुटतो. तत्पूर्वी पुष्कळदा, जरी नेहमीच नव्हे, काही चिन्हे दिसतात. पूर्वी कधीही नव्हता तेथे नवा झरा फुटणे, वाहता झरा भर पावसात अचानक आटणे, निर्मळ वाहणारे पाणी एकाएकी गढूळ होणे, अंगणात वा घरामागील उतारावर चंद्रकोरीसारख्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, जमीन फुगणे, झाडे व विजेचे खांब कलणे, ही ती चिन्हे होत.

घरात दरवर्षी ठराविक जागी येणारा पाझर आणि यंदा प्रथमच उमटलेला गढूळ पाझर यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यावर चर हा उपाय आहे. दुसऱ्यावर तत्काळ घर सोडून सुरक्षित जागी जाणे हाच उपाय आहे. अशा वेळी सामान हलविण्यात, भेगा बुजविण्यात किंवा चर खणण्यात वेळ दवडू नये. तलाठी, पोलीस पाटील व सरपंच यांना कळवावे, तसेच जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधावा. रात्र होण्यापूर्वी स्थलांतर करणे केव्हाही श्रेयस्कर. धोका टळल्याची खात्री तज्ज्ञांनी दिल्याखेरीज परत फिरू नये.

गावाने करावयाचे काम

एका घरामागचे पाणी चराने बाजूला काढले आणि ते शेजाऱ्याच्या जोत्यात सोडले, तर प्रश्न सुटत नाही, केवळ दार बदलतो. त्यातून भाऊबंदकी आणि तंटे मात्र वाढतात. यास्तव उतारावरील वाडीचा विचार एकत्रितपणे झाला पाहिजे. सर्वांत वरच्या घराच्याही वर एक सामाईक चर, दोन्ही अंगांना ओढ्यापर्यंत नेलेल्या पक्क्या नाल्या आणि त्यांची मे महिन्यात सफाई, एवढे काम झाले तरी वाडीतील पुष्कळ घरे कोरडी राहू शकतील. शौचालयांचे शोषखड्डे घरांच्या व झऱ्यांच्या वरच्या बाजूस येणार नाहीत, डोंगर उभा कापून घरे उभारली जाणार नाहीत आणि नैसर्गिक ओहोळ भराव घालून बुजविले जाणार नाहीत, याकडे ग्रामपंचायतीने परवानगीच्या वेळीच लक्ष द्यावे. कोठे किती खोल चर उपयोगी पडेल याविषयी शंका असल्यास जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातील भूवैज्ञानिकांचा सल्ला घेता येईल.

या कामी शिक्षकांचा वाटा मोलाचा आहे. गावातील प्रत्येक झरा व पाझर कोठे आहे, तो कोणत्या तारखेला सुटला, केव्हा आटला, पाणी निर्मळ होते की गढूळ, यांची नोंदवही शाळेतील मुलांना सहज ठेवता येईल. त्यासोबत शाळेत पर्जन्यमापक असल्यास पाऊस आणि पाझर यांचा संबंध मुलांना आपल्याच गावात पाहावयास मिळेल. चार-पाच वर्षांची अशी नोंद जमली, म्हणजे गावाच्या हाती एक बहुमोल दस्तऐवज येतो. नेहमीचे काय आणि नेहमीपेक्षा वेगळे काय, हे त्या वहीवरून तत्काळ कळते आणि संकटाच्या रात्री नेमक्या याच माहितीची गरज असते.

डोंगरात मुरलेले पाणी कोठून तरी बाहेर येणार, हा निसर्गनियम आहे. ते कोठून यावे, एवढे मात्र पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे. अंगणाचा उतार, छपराची पन्हळ आणि घरामागील चर ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ती मृग नक्षत्रापूर्वी उरकावी लागतात, एवढेच. वैशाखातील ग्रामसभेत हा विषय घेऊन सरपंच, सदस्य आणि ग्रामस्थ यांनी वाडीवाडीची पाहणी केली, तर आश्लेषेच्या झडीत माजघर कोरडे राहील आणि डोंगर काही सांगू पाहत असेल तर ते वेळीच ऐकूही येईल.